नसलेल्या वजनाचं इंजिन

काळुराम म्हात्र्यांच्या सासऱ्यांनी मागे ठेवलेल्या चीजवस्तूंत एक लढाऊ विमान होतं. बाकीच्या वस्तू कुणाच्याही घरात निघतात तशाच निघाल्या: दोन चष्मे, दातांची कवळी, पान्यांचे तीन डबे आणि शर्टाच्या बटणांनी भरलेली एक बरणी. विमान मात्र पेणच्या घरातल्या मागच्या खोलीत पंख्याच्या हुकाला टांगलेलं होतं. महायुद्धातल्या स्पिटफायरची सहाव्या हिश्शाची हुबेहूब प्रतिकृती, रिमोटवर उडणारी, सहा फूट पंखांची. पोटात रेडिओ बसवलेला, पंखांत छोट्या मोटारी, चाकं आत ओढून घ्यायची सोय. फक्त नाकाच्या जागी भोक होतं. तिथे इंजिन यायचं होतं, आणि ते यायच्या आत अप्पा गेले.

अप्पा, म्हणजे धर्माजी ठाकूर, हवाई दलात इंजिन फिटर होते. तिथून सुटून आल्यावर पेणला खाडीतल्या होड्यांची आणि भातगिरण्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांनी उरलेला जन्म घालवला. लढाऊ विमानांची पोटं त्यांनी हजार वेळा उघडून पाहिली होती, पण त्यात खुर्ची एकच असते आणि ती साहेबाची असते. चालू इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवून ते डोळे मिटायचे आणि "हाय" किंवा "नाय" एवढंच म्हणायचे. त्यांनी "नाय" म्हटलेलं इंजिन चालवायची पेण तालुक्यात कुणाची छाती नव्हती.

काळुराम हे त्यांचे जावई. नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत कंप्रेसर हाऊसला एकतीस वर्षं शिफ्ट करून निवृत्त झालेले, रोह्याला लागून वरसे येथे टू बीएचकेत राहणारे, स्वभावाने सरळ आणि मानापमानाच्या बाबतीत थोडे हळवे. मशीन रिकामं फिरतंय का लोडवर आहे, हे ते भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावर सांगत. कंपनीत त्यांच्या कानाला मान होता. सासुरवाडीत नव्हता. अप्पांच्या मते कंप्रेसर हे इंजिनच नव्हे, ती हवा दाबायची पेटी. तीस वर्षांत त्यांनी जावयाच्या हातात पाना म्हणून दिला नाही. टॉर्च दिला. "जावई टॉर्च चांगला धरतो," एवढीच तारीफ काळुरामांच्या वाट्याला आली होती आणि ती त्यांनी मनात फ्रेम करून ठेवली होती.

अशा माणसाच्या वहीत, विमानाचे नकाशे आणि हिशेब संपल्यावर शेवटच्या पानावर, थरथरत्या अक्षरात एकच ओळ सापडली: "इंजिन – काळुराम ठरवील."

काळुरामांनी ती ओळ चार वेळा वाचली, मग बायकोला, म्हणजे नमिताला, मोठ्याने वाचायला लावली. जन्मभर टॉर्च धरलेल्या माणसाकडे एकदम निवाडा आला होता, आणि तो चुकला तर दुरुस्त करायला निवाडा देणारा जागेवर नव्हता.

त्यात सासूबाईंचं वेगळंच होतं. सीताबाईंचं म्हणणं, अप्पा अजून गेलेच नाहीत.

"आई, दहाव्याला कावळा लगेच शिवला होता," काळुराम म्हणाले.

"शिवला त्याचं काय? त्याला भूक लागली असंल," सीताबाई म्हणाल्या. "घरात जड जड वाटतंय, जावयबापू. मागच्या खोलीत गेलं की कुणी तरी वाट बघत बसल्यासारखं वाटतंय. त्यांचं काय तरी रायलंय. ते इमान वर्षश्राद्धाच्या आत उडवा, म्हंजे सुटतील."

वर्षश्राद्ध माघात होतं. हे संभाषण झालं दिवाळीच्या फराळावर. काळुरामांनी मान डोलावली खरी, पण हातातली चकली तशीच राहिली.

इंजिन निवडायचंय ही बातमी वरशात पसरली तेव्हा काळुरामांना कळलं की या गावात प्रत्येकाचं विमानाच्या इंजिनाबद्दल काही ना काही मत आधीपासून तयार होतं. सोसायटीचे सेक्रेटरी निकेश कडू लग्नांत ड्रोन उडवायचे, त्यामुळे आकाश हे त्यांचं खातं. ते म्हणाले, "काका, बॅटरीची मोटार लावा. धूर नाय, कटकट नाय, आवाज नाय." शेजारच्या इंदुबाईंना अंकशास्त्र येत होतं. त्यांनी सव्वीस सीसीच्या इंजिनावर फुली मारली, कारण दोन आणि सहा आठ, आणि आठ हा शनीचा आकडा. पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या एका निवृत्त मास्तरांनी तर इंजिनच नको, ग्लायडर करा, असं सुचवून विषय मुळातूनच निकालात काढला.

खरा सल्ला द्यायचा अधिकार होता तो शरीफ मुकादमांना. शरीफभाईंनी बावीस वर्षं मस्कतला होड्यांच्या इंजिनांवर काढली होती आणि आता रोह्यात त्यांचं गॅरेज होतं. ते काळुरामांच्याच वयाचे, बोलणं कमी, आणि दुसऱ्याची फजिती होताना दुसरीकडे बघायची समज असलेले.

"काळूदादा, बॅटरीला आवाज नाय," ते म्हणाले. "तुमच्या सासऱ्याला मी ओळखायचा. बिनआवाजाचं इंजन त्यांच्या घरात न्याल तर लोक बघतील, ते नाय बघायचे. पेट्रोलचं घ्या. सव्वीसचं टू-स्ट्रोक का चाळीसचं फोर-स्ट्रोक, तेवढं तुमचं तुम्ही ठरवा."

काळुरामांनी वही उघडली, वजनं मांडली, बेरीज केली. विमान सात किलोच्या आत बसत होतं. सात किलोला सव्वीस सीसी रग्गड. चाळीसचं इंजिन म्हणजे सायकलला ट्रकचं मशीन, असं कागद सांगत होता, आणि एकतीस वर्षं लॉगबुक भरलेला माणूस कागदाचं ऐकतो. त्यांनी सव्वीसचं मागवलं. निर्णय घेतला, या समाधानात ते त्या दिवशी दुपारी झोपले, हे इथे नोंदवायला हवं, कारण त्यानंतर पुढचे दोन महिने त्यांना दुपारची झोप लागली नाही.

पहिली अडचण वैमानिकाची आली. हुबेहूब विमान म्हटलं की आत वैमानिकाचा पुतळा हवा. जगभर हे पुतळे थर्माकोलचे करतात, फुंकर मारली तर उडतील इतके हलके. पण सीताबाईंनी ते काम परस्पर अंगावर घेतलं आणि शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात अप्पांचा फोटो नेऊन दिला. पेणच्या माणसाला मूर्ती करायला सांगितली की तो मूर्तीच करतो. तिथे पुतळा झाला तो शाडूचा, भरीव, पाट्यावर ठेवून सुकवलेला, वर हेल्मेट, खाली कमरेपर्यंत अप्पा. डोळ्यांची आखणी केली ठमाबाईंनी, ज्यांनी चाळीस वर्षं गणपतींचे डोळे लिहिले होते.

काळुराम तो आणायला गेले तेव्हा ठमाबाई ब्रश धूत होत्या. "कुठूनही बघा, तुमच्याकडंच बघंल," त्या म्हणाल्या. "माणूस कुठंही उभा असू दे, नजर त्याच्यावर पडली पायजे. आपली रीतच हाय ती."

काळुराम उजवीकडे सरकले, अप्पांनी बघितलं. डावीकडे सरकले, तरी अप्पांनी बघितलं. टॉर्च नीट धरलास का, असं विचारणारी ती नजर होती. त्यांनी नकळत हातातली पिशवी सरळ धरली.

घरी येऊन पुतळा काट्यावर ठेवला तर एक किलो तीनशे ग्रॅम. विमानाचा सगळा हिशेब विसकटला. आता गणपतीच्या कारखान्यातून आलेली, घरच्या माणसाची मूर्ती फोडून पोकळ करा, असं सांगायची हिंमत कुणाची? काळुरामांनी मधला मार्ग काढला. विमान वैमानिकाशिवायच उडवायचं आणि पुतळा वरशाच्या घरी शोकेसमध्ये ठेवायचा, सीताबाईंना सांगायचं की आतच आहे.

शोकेसमधल्या अप्पांनी आठ दिवसांत घराची रीत बदलून टाकली. नमिताने हॉलमध्ये केस विंचरणं बंद केलं. इंदुबाई साखर मागायला आल्या, अप्पांकडे बघून चपला दाराबाहेर काढून परत आत आल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक जास्वंद आणून ठेवू लागल्या. काळुराम जेवताना दुसरी पोळी घ्यायच्या आधी एकदा तिकडे बघून घ्यायचे. नमिताने एकदा पुतळ्यावर टॉवेल टाकला. टॉवेल घसरला. पंख्याच्या वाऱ्याने घसरला असणार, असं दोघांनीही एकदमच म्हटलं, आणि मग पंखा बंद आहे हे दोघांनीही बघितलं नाही असं केलं.

सव्वीसचं इंजिन आलं. शरीफभाईंच्या गॅरेजात टेबलाला बोल्टने आवळून चालू केलं तर दुसऱ्या झटक्याला लागलं आणि कसलीही कुरकुर न करता गायला लागलं. काळुरामांनी डोळे मिटून ऐकलं. मोकळा, स्वच्छ आवाज होता. शरीफभाईंनी अंगठा वर केला.

मग ते पेणहून आणलेल्या विमानात बसवलं आणि एका दुपारी वरशाबाहेरच्या नवीन प्लॉटिंगच्या रस्त्यावर जमिनीवरूनच पळवून बघायला नेलं. डांबर नवं, प्लॉट अजून न विकलेले, दोन्ही बाजूंना नुसते दगडी खुंट आणि नंबर. निकेश कडू फोटो काढायला आले होते. पुतळा घरी, शोकेसमध्ये. काळुरामांनी रिमोटची कांडी पुढे ढकलली आणि विमान धावायला लागलं.

धावलं, पण आवाज बदलला होता. कंप्रेसर हाऊसमध्ये हा आवाज काळुरामांनी लाखो वेळा ऐकला होता. व्हॉल्व्ह उघडून भार अंगावर आला की मशीन जसं खाली बसतं, खोल जातं, तसं ते इंजिन बसलं होतं. सात किलो ओढताना येईल असा तो आवाज नव्हता. शेपूट वर उचलायला हवी तिथे उचलली नाही, चाकं दाबल्यासारखी डांबराला चिकटून पळत राहिली आणि रस्ता संपला.

"लोडवर हाय," काळुराम म्हणाले.

"कसला लोड?" निकेश म्हणाले. "आत तर कोण नाय."

विमान तसंच उचलून गॅरेजात आणलं आणि शरीफभाईंच्या भंगाराच्या काट्यावर ठेवलं. सहा किलो नऊशे. काटा बरोबर आहे का म्हणून शरीफभाई स्वतः त्यावर चढले, मग उतरले. पुन्हा विमान ठेवलं. सहा किलो नऊशे.

टू-स्ट्रोक इंजिन चाललं की धुरातून तेलाचा बारीक फवारा उडतो आणि विमानाचं अंग चिकट होतं. शरीफभाई फडकं घेऊन पुसायला बसले आणि थांबले. नाकामागचा सगळा भाग तेलाने चकाकत होता, आणि त्यात मधोमध एक जागा अगदी कोरडी होती. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी, बोटांच्या फटींसकट. काळुरामांना वाटलं, शरीफभाईंनी हात ठेवला असेल. शरीफभाईंना वाटलं, काळुरामांनी. विमान धावत होतं तेव्हा दोघेही चाळीस पावलांवर शेजारी शेजारी उभे होते, हे दोघांच्याही एकाच वेळी ध्यानात आलं. शरीफभाईंनी ती जागा आधी पुसली, बाकीचं नंतर, आणि चहा मागवला.

काळुराम घरी आले तेव्हा नमिता शोकेसकडे पाठ करून बसली होती.

"अहो, आज दुपारी ते बघत नव्हते," ती म्हणाली.

"कोण?"

"अप्पा. मी भाजी निवडत होते. एकदम मोकळं वाटलं म्हणून वर बघितलं, तर नजर नव्हती. डोळे होते, पण कुणाकडंच बघत नव्हते. नुसता रंग. पाच-दहा मिनिटांनी परत बघायला लागले."

"किती वाजता?"

"साडेतीनच्या सुमारास."

साडेतीन वाजता विमान रस्त्यावर धावत होतं. काळुराम हे बोलले नाहीत. त्यांनी बायकोच्या हातातली उरलेली भाजी घेतली आणि निवडायला लागले, आणि तीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच गवार निवडली म्हणून नमिता आणखी घाबरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने खात्री करायचं ठरवलं. पुतळा विमानात बसवून एकदा पळवलं, पुतळा काढून एकदा पळवलं. वजनात एक किलो तीनशेचा फरक, आवाजात काही नाही. बसवा नाही तर काढा, इंजिन तेवढ्याच भाराखाली धापा टाकत होतं. काळुरामांच्या कानाचा अंदाज असा की ते साधारण तीन किलो जास्तीचं ओढतंय. ते तीन किलो कुठल्याच काट्यावर येत नव्हते.

याच सुमारास परवानगीचं लचांड उपटलं. विमान उडवायचं होतं पेणच्या खाडीकडच्या, बंद पडलेल्या एका मिठागरात, आणि कुणीतरी सांगितलं की कागद केलेला बरा. काळुराम अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथून त्यांना दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, दुसऱ्यातून परत पहिल्यात, आणि पहिल्यातले साहेब तोवर जेवायला गेले होते. चौथ्या फेरीला टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला.

"'लढाऊ' शब्द काढा," ते म्हणाले. "कुणाशी लढायचंय?"

"कुणाशीच नाय. प्रकारच तसा हाय विमानाचा."

"मग 'शांत' लिहा."

काळुरामांनी 'शांत विमान' असं लिहिलं. पुढच्या रकान्यात विमानात बसणाऱ्या व्यक्तीचा तपशील होता. तिथे त्यांनी 'कुणी नाही' लिहिलं होतं. गृहस्थांनी सोबत जोडलेला फोटो चष्म्याजवळ नेला. निकेश कडूंनी प्लॉटिंगच्या रस्त्यावर पहिल्या दुपारी काढलेला तो फोटो होता.

"हे कोण बसलंय मग?"

काळुरामांनी बघितलं. काचेच्या टोपणाखाली, रिकाम्या खुर्चीच्या जागी, खांदे आणि डोकं असल्यासारखं काहीतरी काळपट दिसत होतं. पहिल्या दुपारी पुतळा घरी होता.

"सावली असंल," ते म्हणाले.

"सावली तर सावली. तसं लिहून द्या. उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडं कागद पायजे."

आणि मग काळुराम म्हात्र्यांनी, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार वरसे, पूर्ण शुद्धीवर असताना आपल्या सहीने लिहून दिलं की, विमानाच्या छायाचित्रात दिसणारी आकृती ही सावली असून तिचा सदर विमानाशी कोणताही संबंध नाही. शिक्का बसला. परवानगी मिळाली. बसस्टँडपर्यंत येईतो काळुरामांना रडायला आलं. ज्या माणसाने ते विमान सहा वर्षं खपून बांधलं, शेवटच्या पानावर आपलं नाव लिहिलं, त्याचाच विमानाशी संबंध नाही असं आपण सरकारला लेखी दिलं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. रोह्याच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि वाटेत खांब गाव येईपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता.

ते घरी न जाता सरळ गॅरेजात गेले.

"शरीफभाई, सव्वीसचं काढा. चाळीसचं मागवा."

शरीफभाईंनी हात पुसले. "काटा सात किलो सांगतोय, काळूदादा."

"काट्याला दिसत नाय ते ओढायचंय. मला ऐकू येतंय."

शरीफभाई दुसरीकडे बघत म्हणाले, "मागवतो."

हा निर्णय गावाला कळला तेव्हा काळुरामांची जी काही इज्जत उरली होती तीही गेली. निकेश कडूंनी मोबाइलवर हिशेब करून दाखवला की एवढ्या विमानाला एवढं इंजिन लावणं म्हणजे वेडेपणा आहे, उतरताना आपटणार. मास्तरांनी पत्ते पिसता पिसता विचारलं, "काय म्हात्रे, विमान उडवायचंय का रोहा?" खुश झाल्या त्या फक्त इंदुबाई, कारण चाळीसची बेरीज चार येते. काळुराम सांगणार काय, आणि कोणत्या तोंडाने? सरकारदरबारी तर ते सावलीवर सही करून आले होते. रोज सकाळी ते शिकायच्या फोमच्या विमानावर हात बसवत होते. त्यातलं एक सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत पडलं, दुसरं माडावर राहिलं, तिसऱ्यावर मात्र ते उतरवायला शिकले.

माघातल्या त्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, सगळी मंडळी मिठागरात जमली. मीठ पिकवणं बंद होऊन तिथे काही वर्षं झाली होती. खाचरांचे बांध ढासळलेले, जमीन पांढरट आणि कडक, वर ऊन, आणि नजर पोचेल तिथवर काही हलत नव्हतं. एरवी तिथे बगळे असतात. त्या दिवशी एकही नव्हता, आणि वारा पडला होता. माणसं आपोआप हळू आवाजात बोलायला लागली.

सीताबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री धरून बसल्या. पुतळा विमानात नाही हे त्यांना सांगावंच लागलं. त्या रागावल्या नाहीत. "जडच झाला असंल तो," एवढंच म्हणाल्या, आणि पुतळा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला.

चाळीसचं इंजिन लागलं. फोर-स्ट्रोकचा आवाज टू-स्ट्रोकसारखा किंचाळत नाही, तो पोटातून येतो. काळुरामांनी कांडी पुढे केली. विमान धावलं, भार अंगावर आला, इंजिन खाली बसलं, आणि या वेळी पेललं त्याने. चाळीस-पन्नास पावलांवर शेपूट उचलली, चाकं सुटली आणि विमान त्या पांढऱ्या जमिनीवरून सावकाश, ऐटीत वर चढलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे वर बघत राहिले. काळुरामांनी मोठी गिरकी घेतली. विमान वळणावर झुकलं ते भरलेल्या होडीसारखं झुकलं, संथ आणि खात्रीने. सात किलोचं विमान असं झुकत नाही. शरीफभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. निकेश कडू मोबाइल धरून होते आणि शूटिंग चालू करायचं विसरले होते.

"अप्पा बघत नायत," नमिता आईजवळून हळूच म्हणाली. मांडीवरच्या टॉवेलातून तोंड बाहेर होतं, आणि डोळे नुसता रंग होते.

"कसे बघतील?" सीताबाई म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली नाही.

दुसरी गिरकी झाली. तिसरीला विमान खाडीच्या बाजूला, पाण्याच्या कडेपर्यंत गेलं. तिथे, वळता वळता, आवाज बदलला.

काळुरामांना तो अर्ध्या क्षणात कळला. भार सुटला होता. इंजिन एकदम मोकळं झालं, आवाज चढला, आणि विमान उसळी मारून वर गेलं. आता ते खरंच सात किलोचं होतं, आणि त्याच्या नाकात सात किलोला नको तेवढी ताकद होती. काळुरामांनी कांडी मागे ओढली, विमान इकडून तिकडे हेलकावत आलं, जमिनीला टेकलं, उडालं, परत टेकलं, एका बांधाला अडखळलं आणि डाव्या पंखावर कलंडलं. पंख मुळातून मोडला. नाकावरच्या पंख्याच्या पात्याचे तुकडे मिठागरात विखुरले. मग सगळं शांत झालं.

"सांगितलं होतं, काका," निकेश कडू म्हणाले. त्यांना आता धीर आला होता. "इंजिन मोठं झालं. उतरताना आपटणार बोललो होतो ना?"

"मोठंच झालं," मास्तरही म्हणाले. ते खास पेणपर्यंत आले होते ते हे म्हणायला मिळावं म्हणूनच. नमिताने पदर तोंडाला लावला. मंडळी मोडक्या विमानाकडे गेली आणि पंख कुठून मोडला, कसा मोडला, आणि सव्वीसचं असतं तर कसा मोडला नसता, यावर चर्चा सुरू झाली.

काळुराम जागेवरच उभे राहिले. रिमोट गळ्यात तसाच होता. कान कोंदल्यासारखे झाले होते. शरीफभाई मागून आले, त्यांनी काळुरामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुकडे गोळा करायला गेले.

सीताबाईंनी छत्री मिटली होती. पुतळा टॉवेलासकट खुर्चीच्या पायाशी जमिनीवर ठेवलेला होता, घरातली कुठलीही वस्तू ठेवावी तसा. त्या उठून, पायाखालची जमीन चाचपत, जावयापर्यंत आल्या. आल्या त्या मोडक्या विमानाकडे बघत नव्हत्या. खाडीच्या बाजूला, जिथे विमान वळलं होतं, तिकडे बघत होत्या.

"तिथंच ना?" त्यांनी विचारलं.

काळुरामांनी त्यांच्याकडे बघितलं. या बाईंना इंजिनाच्या आवाजातलं काही कळत नव्हतं. साठ वर्षं इंजिनवाल्याबरोबर संसार करून त्या आवाजाला कंटाळल्या होत्या.

"व्हय," ते म्हणाले. "तिथंच."

"घरी पण हलकं झालं असंल आता." सीताबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि बराच वेळ तसाच धरला. पलीकडे निकेश कडू पुन्हा कुणाला तरी सीसीचा हिशेब समजावत होते. त्यांचा आवाज त्या उघड्या जमिनीवर स्पष्ट ऐकू येत होता.

"ते लोक म्हंतात इंजिन चुकलं," सीताबाई म्हणाल्या.

काळुरामांनी गळ्यातला रिमोट काढला.

"ह्यांना पुरलं ना पण?"

"पुरलं, आई," काळुराम म्हणाले, आणि त्यांना मोठ्याने रडू आलं.